कवडीचुंबकाचा हिशेब
(रेडिओवरील भाषण)



शाळकरी मुलांसाठी इतिहासावरची गणिती कोडी, हा आजचा विषय. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. नसली तरी अडणार नाही, कारण बहुतेक गणितं तोंडी होण्याजोगी निवडली आहेत. रेडिओवर फळा नसतो, हेही त्याचं एक कारण.

आधी एक नमुना ऐका. ‘एका गडावर २४० मावळे होते. त्यांतले एक तृतीयांश मोहिमेवर गेले. गडावर किती उरले?’ शिवजयंती जवळ आली की अशी कोडी शाळेच्या भित्तिपत्रकावर हमखास दिसतात. वर बुरूज, बाजूला ढाल-तलवार, उत्तर १६०. आता गडाच्या जागी पेटी घ्या आणि मावळ्यांच्या जागी आंबे. उत्तर १६०च. म्हणजे या गणितात इतिहास नव्हताच; स्नेहसंमेलनासाठी भाड्याने आणलेल्या जिरेटोपासारखा तो वरून चढवलेला होता. माझी कसोटी साधी आहे. कोड्यातला इतिहास काढून घेतला की गणित अडलं पाहिजे. अडलं नाही, तर ते कोडं इतिहासाचं नव्हे.

या कसोटीला उतरणारं एक कोडं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ग्रंथ इसवी सन ११५० चा, आणि तेव्हा आचार्यांचं वय ३६. एक याचक एका कवडीचुंबकाच्या दारी गेला. त्या उदार पुरुषाने त्याला काय द्यावं? एका द्रम्माचा अर्धा भाग घ्या. त्याचे दोन तृतीयांश. त्याचं पाऊण. त्याचा पाचवा हिस्सा. त्याचा सोळावा हिस्सा. आणि त्याचाही पाव. तर याचकाच्या हातावर किती कवड्या पडल्या?

चला, करून बघू. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. त्याचं पाऊण म्हणजे सरळ पाव. पावाचा पाचवा हिस्सा म्हणजे विसावा. विसाव्याचा सोळावा म्हणजे तीनशेविसावा. त्याचा पाव म्हणजे बाराशेऐंशीवा. आजचा मुलगा इथे ‘एक छेद १२८०’ लिहून वही मिटेल. गणित बरोबर आहे, पण हसू काही आलं नाही. ते यायला त्या काळचं नाण्यांचं कोष्टक हवं, आणि आचार्यांनी ते ग्रंथाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवलंय. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. वीस चोक ऐंशी, आणि ऐंशी गुणिले सोळा बाराशेऐंशी. अपूर्णांकांची एवढी वरात मिरवत आली आणि शेवटी हातावर पडली ती एकच कवडी! त्या कोष्टकातली सगळ्यांत लहान वस्तू. कोष्टक काढून घ्या, सगळी गंमत गेली.

जाता जाता सांगतो. मोती अडकून बंद पडलेल्या घटिकापात्राची आणि लीलावतीच्या हुकलेल्या लग्नमुहूर्ताची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. ती मूळ ग्रंथात नाही. कवी फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. कवडीचुंबक मात्र मूळ ग्रंथात आहे आणि त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मला हा अन्याय वाटतो.

भास्कराचार्यांचं नाव घेतलं की जळगाव जिल्ह्यातल्या, चाळीसगावजवळच्या पाटणला जावंच लागतं. आचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा आहे. लेख बराचसा संस्कृतात, पण बाजारातून मठाला काय मिळायचं ते जुन्या मराठीत कोरलेलं. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. खानदेशातल्या गुरुजींनी आणि बाईंनी या दोन नियमांवर हवी तितकी कोडी रचावीत. आकडे तुमचे, नियम आठशे वर्षांपूर्वीचा. मात्र कोणते आकडे आपण घातले, ते मुलांना सांगून टाकावं.

आता रायगडावर. जगदीश्वराच्या मंदिरातला शिलालेख पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात शकाचा आकडा अंकांत नाही, शब्दांत आहे. शब्द चार : षट्, नव, बाण, भूमी. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, हे कळलं. बाण म्हणजे किती? मदनाचे बाण पाच, म्हणून पाच. भूमी एकच, म्हणून एक. झाले सहा, नऊ, पाच, एक. मुलं लगेच म्हणतात, शके ६९५१! इथे थांबायचं आणि मुलांना विचारायचं, आजचा शक तरी दोन हजारांच्या वर गेलाय का? मग कुणीतरी ओरडतंच, उलटं वाचा! अगदी बरोबर. असे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, एककापासून सुरुवात करायची. शके १५९६, शिवराज्याभिषेकाचं वर्ष. हे जमलं की मुलांना आपापल्या जन्मवर्षासाठी शब्द शोधायला लावा. नेत्र दोन, वेद चार, ऋतू सहा, आणि शून्यासाठी आकाश. वर्गात जो गोंधळ होईल तो सोसावा.

पण खरं कोडं यापुढे आहे. सरकारने मान्य केलेली शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारीख १९ फेब्रुवारी १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तारीख ६ जून १६७४. आता वजाबाकी करा. शकाने १५९६ वजा १५५१, उत्तर ४५. इसवी सनाने १६७४ वजा १६३०, उत्तर ४४. माणूस एक, घटना त्याच दोन, आणि वर्षं मात्र वेगळी. चुकलं कोण?

कुणीच नाही. इसवी सन एक जानेवारीला बदलतो, शक बदलतो गुढीपाडव्याला. जन्म फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे बाळ पंधरा दिवसांचं व्हायच्या आत पाडवा आला आणि शके १५५२ सुरू झाला. राज्याभिषेकापर्यंत महाराजांच्या आयुष्यात पाडवे आले ४५ आणि एक जानेवारी आल्या ४४. वय भरलं होतं ४४ वर्षं आणि साडेतीन महिने. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असं आपण घोकतो; पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ते ७९ असतात, आणि शिवजन्म नेमका त्या फटीत पडतो. घरात जुनी पुस्तकं असतील तर त्यांत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७ ही तिथी सापडेल. तीच वजाबाकी त्या तिथीवर करून बघा. दोन्हीकडून ४७ येतात. का, ते आता तुम्हीच सांगाल.

इतकं मागे जायचं नसेल, तर आजी-आजोबांना हाताशी धरा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तीन भावंडांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, बाकी शून्य. शंभर नव्या पैशांत ही वाटणी कधीच सुटत नाही. घोटाळा झाला तो बदलताना. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून कोष्टक ठरलं : एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५.

आता कोडं. एक काकू बाजारातून आण्याला एक या भावाने सोळा लिंबं आणतात. एकदम घेतली तर रुपया, म्हणजे १०० पैसे. सोळा वेळा एकेक घेतलं तर सोळा सक ९६. चार पैसे वाचले! दोन-दोन घेतली तरी आठ बारं ९६. पण तीन-तीन घेतली की दुकानदाराची चांदी : पाच वेळा १९ म्हणजे ९५, उरलेल्या एका लिंबाचे ६, एकूण १०१. एखादं पोर इथे विचारतं, ‘मग सोळा वेळा दुकानात जायचं का?’ या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही, काकूंच्या गुडघ्यांत आहे. पण त्या वर्षी दुकानांत आणि बसच्या तिकिटांवर हुज्जत का होत असे, हे त्या पोराला कुठल्याही धड्याशिवाय समजलेलं असतं.

वेळ संपत आली. घरी करण्यासाठी एक कोडं देतो. आपल्या पंचांगात संवत्सरांची साठ नावं आहेत. साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं. राज्याभिषेकाच्या वर्षी, म्हणजे १६७४ मध्ये, आनंद नावाचं संवत्सर होतं. तीनशे वर्षांनी १९७४ मध्ये कोणतं असेल? आणि २०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षं पूर्ण झाली, तेव्हा पंचांगात आनंद नव्हता, क्रोधी होता. तर आनंद संवत्सर यापुढे पुन्हा कधी लागेल? उत्तर शकातही काढा आणि इसवी सनातही. ताळा पाहायला घरातलं पंचांग चालेल, फक्त ते आधी उघडायचं नाही.