पिकलबॉल : जोर काढण्याची कला

अमरावती आणि अकोला ही दोन शहरे आगगाडीने पाहता अगदी शेजारची. परंतु सोयरीक जुळली म्हणजे त्यांच्यामधील अंतर मैलांनी नव्हे, मानापानाने मोजावे लागते. अशी कल्पना करावी की, अकोल्याचे एक निवृत्त वकील लेकीच्या घरी चार दिवस अमरावतीस आले आहेत. तरुणपणी त्यांनी तालमीत जोर-बैठका काढल्या, पुढे क्लबात टेनिस खेळले, आणि अजूनही आपल्या मनगटाविषयी त्यांचा समज बरा आहे. सायंकाळी जावई त्यांना एका बॅडमिंटनच्या सभागृहात घेऊन जातो. तेथे विहीणबाई आधीच पोचलेल्या असतात. वय साठीच्या पलीकडे, पायात रबरी तळाचे बूट, हातात ताटाएवढी एक फळी. वकीलसाहेब मनाशी म्हणतात, मुलीकडची बाजू आपली. अंमळ सांभाळूनच मारावे. अर्ध्या तासाने डाव संपतो तेव्हा गुण असतात ११ विरुद्ध २, आणि ते दोन गुणही विहीणबाईंनी पाहुणचार म्हणून सोडले असावेत असा संशय घेण्यास जागा राहते. या सबंध डावात वकीलसाहेबांनी एकही चेंडू हळू मारलेला नसतो. त्यांच्या पराभवाचे कारण नेमके तेच.

या खेळाचे नाव पिकलबॉल. नावात लोणचे असले तरी खेळात ते कोठेही नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड नावाचे एक गृहस्थ सुटीसाठी राहिले होते. मुले कंटाळली होती, अंगणात बॅडमिंटनचे कोर्ट होते, पण खेळाचे साहित्य पुरते सापडेना. तेव्हा टेबल-टेनिसच्या फळ्या आणि भोके पाडलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी काहीतरी खेळ उभा केला. बार्नी मॅकॅलम हे तिसरे मित्र मागाहून येऊन मिळाले आणि नियम ठरले. नावाचा मान प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांजकडे जातो. होड्यांच्या शर्यतीत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांच्या नावेला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात. निरनिराळ्या खेळांचे उरलेसुरले तुकडे जोडून झालेल्या खेळास तेच नाव शोभेल, असे त्यांना वाटले. घरच्या कुत्र्याच्या नावावरून खेळाचे नाव पडले अशी दुसरी कथा आहे; पण कुत्रा मागाहून आला आणि त्यालाच खेळाचे नाव मिळाले, असे प्रिचर्ड कुटुंबीयांचे सांगणे आहे.

आपल्याकडे मुंबईचे सुनील वालावलकर यांनी हा खेळ कॅनडात पाहून इकडे आणला, आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. त्याचे कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब, म्हणजे बॅडमिंटनच्या जोडीच्या कोर्टाएवढेच. आणि बॅडमिंटनच्या आरंभीच्या नियमांशी पुण्याचे नाव जोडलेले आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. सात समुद्र ओलांडून हे माप आपल्याच घरी परत आले म्हणावयाचे! ज्या गावात बॅडमिंटनचे सभागृह आहे तेथे जाळी खाली उतरवली आणि पुढची रेघ निराळी आखली की निम्मी तयारी झाली.

आता वकीलसाहेबांच्या अडचणीकडे वळू या. अमरावती ही व्यायामाची भूमी. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथलेच. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. अशा मुलखात ‘जोर काढणे’ याचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. पिकलबॉलमध्येही जोर काढावा लागतो, परंतु तो अंगातून बाहेर काढून बाजूला ठेवावा लागतो! हा दुसरा अर्थ ध्यानात येईपर्यंत पहिलवान हरतात आणि विहीणबाई जिंकतात.

असे का व्हावे? त्याचे मूळ जाळीजवळच्या सात फुटांत आहे. जाळीच्या दोन्ही अंगांस सात-सात फुटांचा एक पट्टा आखलेला असतो. या पट्ट्यात पाय ठेवून, किंवा त्याच्या रेघेवर ठेवूनही, हवेतला चेंडू मारता येत नाही; चेंडू जमिनीवर एकदा टप्पा घेईल तेव्हाच तो तेथे उभे राहून मारावा. अमेरिकन लोक या पट्ट्यास स्वयंपाकघर म्हणतात. त्यांना सोवळे ठाऊक नसावे. पण जुन्या घरातील सोवळ्याचे स्वयंपाकघर ज्याने पाहिले आहे त्यास हा नियम एका क्षणात समजतो. आत जाण्यास बंदी नाही, बंदी आहे ती वेळेआधी शिवण्यास. शिवाय चेंडू हवेत मारल्यावर तोल जाऊन पाऊल आत पडले तरी दोष, आणि त्या भरात डोक्यावरची टोपी आत पडली तरीही दोषच. आजीचा कायदा याहून कडक नव्हता.

हा पट्टा नसता तर उंच माणसाने जाळीपाशी उभे राहून प्रत्येक चेंडू खाली ठोकला असता आणि खेळ दोन मिनिटांत संपला असता. पट्ट्यामुळे त्याला सात फूट मागे राहावे लागते, आणि त्या सात फुटांत हळूच पडणारा चेंडू त्याच्या हाती ठोकण्याजोगा लागत नाही. जाळी दोन्ही टोकांस ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच उंच असते. त्या उंचीखालून उचललेला चेंडू आधी वरच गेला पाहिजे. जो खालून जोराने मारील तो चेंडू एक तर जाळीत घालील, नाही तर प्रतिपक्षाच्या छातीएवढा उंच नेऊन त्याला आयता वाढील. वकीलसाहेब अर्धा तास विहीणबाईंना असेच वाढीत होते.

म्हणून कौशल्याचा पहिला धडा असा की, शक्य तितक्या लवकर त्या पट्ट्याच्या रेघेशी जाऊन उभे राहावे. आट्यापाट्या खेळलेल्या माणसास हे सहज उमगते. पाटी धरलेला गडी जसा आपल्या रेघेवर दबा धरून, हात पसरून, समोरच्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून असतो, तसेच येथे फळी छातीसमोर धरून उभे राहावयाचे. मागच्या रेघेपाशी रेंगाळणारी जोडी पुढे आलेल्या जोडीपुढे सहसा टिकत नाही.

पण रेघेशी जावे केव्हा? येथे नियमाने एक गंमत करून ठेविली आहे. सर्व्हिस कमरेखालून, तिरपी, पलीकडचा पट्टा ओलांडून टाकावी लागते. ती घेणाऱ्याने टप्पा पडू द्यावा लागतो. आणि त्याने परतविलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या बाजूने एक टप्पा पडल्यावरच मारावा लागतो. यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागेच अडकून राहते आणि घेणारी जोडी आधी पुढे पोचते. टेनिसमध्ये सर्व्हिस हे शस्त्र असते. येथे ती केवळ आमंत्रणपत्रिका आहे. वकीलसाहेबांनी टेनिसच्या सवयीने सर्व्हिस केली आणि लगेच पुढे धाव घेतली. परत आलेला चेंडू त्यांच्या पायांशी पडला, आणि नियमाप्रमाणे टप्प्याची वाट पाहणे भाग असल्याने ते मध्येच अवघडून उभे राहिले. सर्व्हिस खोल टाकावी आणि मागेच थांबावे. उलटपक्षी घेणाऱ्याने चेंडू खोल आणि किंचित उंच, रेंगाळत जाणारा असा परतवावा. तो हवेत असतो तेवढ्या अवधीत साठीचा माणूसही न धावता, चालत रेघेपर्यंत पोचतो.

मागे अडकलेल्या जोडीने पुढे यावे कसे, हा या खेळाचा खरा पेच आहे, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या फटक्यात आहे. सर्व्हिस पहिली, परतवणी दुसरी, तिसरा चेंडू मागच्या रेघेजवळून असा उचलावा की तो आपल्याच बाजूस सर्वांत उंच व्हावा आणि जाळी ओलांडताना खाली उतरत असावा. म्हणजे तो समोरच्या पट्ट्यात मऊपणे पडतो. प्रतिपक्षास तो ठोकता येत नाही, वाकून उचलावाच लागतो, आणि तेवढ्यात आपली जोडी पुढे सरकते. हा फटका हातात बसण्यास महिने लागतात. जे तो शिकत नाहीत ते वर्षानुवर्षे जोरजोरात खेळतात आणि घाम भरपूर आला म्हणून समाधान मानतात.

हा मऊपणा शिकविण्यास वऱ्हाडाइतकी चांगली शाळा दुसरी नसेल. कपाशीच्या शेतात वेचणी करणारी बाई बोंडाला हिसका देत नाही. हिसका दिला तर पात्याचा कचरा कापसात येतो आणि बाजारात भाव पडतो. बोटे बोंडाशी जातात, कापूस सैल होऊन हातात येतो, मनगट जागचे हलत नाही. फळी तशीच धरावी. मूठ आवळलेली असेल तर चेंडू तिच्यावरून उडतो. मूठ सैल असेल तर फळी चेंडूचा वेग पिऊन टाकते. हालचाल खांद्यातून यावी, गुडघे वाकलेले असावेत. मनगटाचा झटका मात्र घरी ठेवून यावा.

चारही खेळाडू रेघेशी आले म्हणजे मऊ चेंडूंची देवाणघेवाण सुरू होते. पाहणाऱ्यास तो खेळ नसून एकमेकांना पानसुपारी देणे चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात तेथे कमालीचा संयम चाललेला असतो. यात तिरपा चेंडू फायद्याचा. तो जाळीच्या मधल्या, दोन इंच खाली असलेल्या भागावरून जातो आणि पडण्यास त्याला जागाही अधिक मिळते. कोणाचा तरी चेंडू अखेरीस चार बोटे उंच येतो, आणि तोच ठोकावयाचा. त्याआधी ठोकण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याची ओळख विहीणबाईंना पहिल्या दोन मिनिटांत पटते. “व्याहीबुवा, घाई कसली? गाडी उद्याची आहे,” एवढे त्या बोलल्या आणि वकीलसाहेबांनी पुढचा चेंडू भिंतीवर घातला.

जोडीच्या खेळात आणखी एक घरगुती प्रश्न उद्भवतो. चेंडू दोघांच्या बरोबर मधून आला म्हणजे सासरे जावयाकडे पाहतात, जावई सासऱ्यांकडे पाहतो, आणि दोघांच्या सौजन्यातून चेंडू निघून जातो. मधला चेंडू ज्याच्या उजव्या हाताच्या सरळ फटक्यात येतो त्याने घ्यावा, आणि मोठ्याने “माझा” म्हणावे. येथे वडीलकी चालत नाही. तसेच खांद्याच्या वरून सणसणत जाणारा चेंडू मुकाट्याने जाऊ द्यावा. तो बहुधा रेघेबाहेर पडावयाचा असतो, आणि त्याला फळी लावणे म्हणजे हरलेला खटला प्रतिपक्षास जिंकून देणे होय. हे मात्र वकीलसाहेबांना चटकन पटले.

इतके सारे हसण्यावारी नेले तरी एक गोष्ट तशी नेता येणार नाही. हा खेळ उतारवयात पुष्कळजण सुरू करतात. कोर्ट लहान, पळापळ कमी, फळी हलकी. म्हणूनच तो निर्धोक आहे असा भ्रम होतो. डोक्यावरून मागे जाणारा उंच चेंडू पाहून, वर तोंड करून उलट्या पावलांनी मागे पळणे हा यातील सर्वांत महागाचा फटका आहे. तोल जातो, माणूस पाठीवर पडतो, सावरण्यास मागे टेकलेला हात मनगटात मोडतो. साठीनंतर मनगट किंवा खुबा मोडणे म्हणजे एक गुण जाणे नव्हे; महिनेच्या महिने जातात. अशा चेंडूपाठी जावयाचेच झाले तर आधी अंग वळवावे, मग पुढे तोंड करून धावावे, आणि तो आवाक्याबाहेर दिसला तर खुशाल “छान!” म्हणून सोडावा. पायात चालण्याचे नव्हे, आडव्या हालचालीस आधार देणारे बूट असावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, कारण जाळीजवळ चेंडू अवघ्या काही हातांवरून येतो. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा उघड्यावरचा खेळ उजाडताच उरकावा. त्या उन्हात प्लास्टिकचा चेंडूही मऊ पडतो, मग माणसाची काय कथा!

गुणांची मोजणी हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या प्रचलित पद्धतीप्रमाणे सर्व्हिस करणाऱ्या बाजूसच गुण मिळतो, डाव ११ गुणांचा, आणि दोन गुणांची आघाडी लागते. जोडीच्या खेळात सर्व्हिसपूर्वी तीन आकडे पुकारावे लागतात : आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. आरंभी सर्व्हिस करणाऱ्या जोडीला एकच संधी मिळते, म्हणून डाव ‘शून्य, शून्य, दोन’ असा सुरू होतो. शून्याला शून्य मिळवून दोन कसे झाले, यावर वकीलसाहेबांनी जावयाची उलटतपासणी घेतली. समाधान झाले असे दिसले नाही.

अकोल्यास परतल्यावर मात्र वकीलसाहेबांच्या गच्चीवर एक निराळाच आवाज ऐकू येऊ लागतो. जिन्याच्या भिंतीवर खडूने ३४ इंचांची रेघ ओढलेली असते, सात फुटांवर दुसरी, आणि सकाळी अर्धा तास ते भिंतीशी मऊ चेंडू खेळत असतात. पहिल्या दिवशी सलग सहा झाले, पंधरवड्याने चाळीस. मूठ सैल राहावी म्हणून ते मोठ्याने आकडे मोजतात. दात आवळले की मूठही आवळते, हे त्यांचे त्यांनीच शोधून काढले. परतीचा सामना मार्गशीर्षात, अकोल्यास ठरला आहे. तेव्हा पहाटेच्या गारठ्यात प्लास्टिकचा चेंडू ताठर होऊन तडकतो, म्हणून येताना दोन चेंडू अधिक आणावेत, असे पत्र विहीणबाईंना गेलेले आहे.