आजींचे स्वयंपाकघर आणि मर्यादेचा हिशेब

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थापकांचे, दात्यांचे आणि विद्वानांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु ही मंडळी ज्या घरांतून आली, त्या घरांची चूल ज्यांनी सांभाळली त्या आजींचे नाव कोणत्याही कोनशिलेवर आढळत नाही. म्हणून आजचा विषय एका आजींचा आहे. त्या सोलापूरच्या नव्हत्या, जैनही नव्हत्या. तरीही त्यांच्या जीवनात आपल्या समाजातील भगिनींनी विचारात घ्यावे असे पुष्कळ आहे.

मुंबईच्या उर्मिला जमनादास आशर यांना लोक ‘गुज्जुबेन’ म्हणून ओळखू लागले तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. त्यापूर्वीचे आयुष्य ऐकताना मन सुन्न होते. अडीच वर्षांची मुलगी इमारतीवरून पडून गेली. पुढे दोन्ही मुलगेही गेले, एक मेंदूतील गाठीने आणि दुसरा हृदयविकाराने. परिस्थिती बेताची, म्हणून दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाचे काम करून त्यांनी संसाराला हातभार लावलेला. उरला तो नातू. 2019 साली त्यालाही अपघात झाला, त्यात त्याचा वरचा ओठ गेला, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीत त्याचे दुकान बंद पडले. तरुण मुलगा चेहरा लपवून घरात बसून राहिला. अशा वेळी आजीने काय करावे? ज्या हातांनी आयुष्यभर लोणचे घातले, तेच हात तिने पुन्हा बरणीकडे वळवले. 2020 मध्ये आजीने लोणचे करावे आणि नातवाने ते विकावे, असा व्यवहार सुरू झाला. लोणच्यामागून ठेपले आले, ढोकळा आला, पुरणपोळी आली. घरात रोज होणारे, कोणी विशेष म्हणून न पाहिलेले हे पदार्थच त्या घराचा आधार झाले. नातवाला पैसा मिळाला हे खरेच. परंतु बाहेर पडण्याचे कारण मिळाले, हे अधिक मोलाचे.

2023 साली दूरदर्शन संचांवर आणि मोबाइलवर ‘मास्टरशेफ इंडिया’ या स्पर्धेच्या सातव्या पर्वात उर्मिलाबा दिसल्या. त्या जिंकल्या नाहीत. विजेतेपद आसामच्या एका तरुणाला मिळाले. मात्र नातवंडांच्या वयाच्या स्पर्धकांसमवेत त्या उभ्या राहिल्या, हे देशाने पाहिले. त्याच पर्वात चेन्नईच्या अरुणा विजय या जैन भगिनीही होत्या. माशांच्या पदार्थांच्या फेरीत त्यांना पनीर वापरण्याची मुभा मिळाली आणि त्यावरून बरीच टीका झाली. टीका होवो अथवा न होवो, त्यांनी मांसाहार शिजवला नाही. स्पर्धेत गुण गेले तरी चालतील, पण नेम जाता कामा नये, ही वृत्ती आपल्या घरांत नवी नाही.

येथे एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे. उर्मिलाबांचा उद्योग लोणच्यावर उभा राहिला आणि लोणचे वर्षभर टिकते म्हणूनच ते विकता येते. आपल्याकडे मात्र शुद्ध आहाराचे नियम पाळणाऱ्या घरी लोणच्याची मर्यादा चोवीस तासांची. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. गाळलेले पाणी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. कच्च्या दह्या-ताकात द्विदल घालायचे नाही, म्हणून दहीवड्याचे ताट समोर आले की आजी हळूच बाजूला सरकवीत असत. सूर्यास्तापूर्वी चूल विझलेली. हे सारे पाहून एखादी सून म्हणते की, या नियमांत व्यवसाय कसा बसावा?

परंतु थोडा विचार केल्यास दिसते की आजींनी व्यवसायाचे अर्धे शास्त्र आधीच आत्मसात केले होते. पीठ कोणत्या दिवशी दळले हे त्यांना कॅलेंडर न पाहता सांगता येत असे. आषाढ लागला की दळण थोडे थोडे येई, डबे उन्हात तापवले जात, धान्य निवडताना एकही किडका दाणा नजरेतून सुटत नसे. हवेत ओल वाढली की सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, हे त्यांनी अहिंसेच्या भाषेत शिकले. अन्नशास्त्र तेच बुरशी आणि आर्द्रतेच्या भाषेत सांगते. आज अन्नसुरक्षेच्या कायद्याने प्रत्येक पाकिटावर तयार केल्याची तारीख छापावी लागते. आजींच्या घरी ती तारीख पाठ असे, एवढाच फरक.

आणि सोलापूरला तर विकण्याजोगे पदार्थ शोधत जाण्याची गरजच नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या ज्वारीची पातळ थापलेली, मंद आचेवर वाळवून कडक केलेली भाकरी प्रवासात सोबत नेण्याची येथील जुनी रीत आहे. जोडीला शेंगदाण्याची चटणी. बाजारात मिळणाऱ्या चटणीत लसूण असतो. जैन घरांतील चटणी लसणाविनाच होते, भाजलेले दाणे, तिखट, जिरे आणि मीठ खलबत्त्यात इतके कुटायचे की दाण्यांना तेल सुटले पाहिजे. यंत्रात फिरवली की तिचा भुगा होतो, ही तक्रार प्रत्येक आजीची असते आणि ती रास्त आहे. लसणाविना चटणी मागणारे गिऱ्हाईक सोलापुरात, पुण्यात, मुंबईत आहे. व्रती मंडळींसाठी ती ताजी, मागणीनुसार करून द्यावी. इतरांसाठी तारीख घालून पाकिटात द्यावी. दोन्ही एकाच नावाने मात्र विकू नयेत. जे मर्यादेचे नाही त्याला ‘शुद्ध’ म्हणणे हा धर्माचाही दोष आहे आणि व्यवहाराचाही.

या बाबतीत ‘लिज्जत’चे उदाहरण आठवते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील सात भगिनींनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक हलक्या प्रतीचा आणि एक चांगला. छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले की प्रत एकच ठेवा आणि ती चांगलीच ठेवा. तेव्हापासून प्रत एकच राहिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांच्या श्राविका संस्थेने विधवा व परित्यक्ता भगिनींना शिक्षणाच्या बळावर उभे केले. शिकण्याचे वय ज्यांचे सरले, त्यांच्यापाशी विद्या उरते ती हाताची. मात्र त्या विद्येचा दाम मागताना आजींचा जीव संकोचतो. दाणे, तिखट, जळण यांचा खर्च त्या पैशापर्यंत सांगतात. स्वतःचे चार तास हिशेबात धरीतच नाहीत. तो हिशेब सुनेने किंवा नातवाने मांडावा. उर्मिलाबांच्या घरी नातवाने तोच मांडला.

उर्मिलाबा एप्रिल 2025 मध्ये वयाच्या 79 व्या वर्षी गेल्या. त्यांच्या बरण्या ज्या वर्षी भरू लागल्या, त्या वर्षी अनेक घरांत आजींना विश्रांती घ्या असे प्रेमाने सांगितले जात होते. तसे सांगण्यापूर्वी, चटणी किती कुटली म्हणजे तेल सुटते आणि श्रावणात पीठ कोणत्या डब्यात ठेवावे, हे त्यांच्याजवळ बसून लिहून घेतले तर बरे. वहीची पाने कोरी आहेत आणि चातुर्मास दरवर्षी येतो.