जुन्या बोटीची पारख

समुद्रावर उपजीविका करणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला नवी बोट बांधण्याचा योग क्वचितच येतो. जुनी बोट विकत घेण्याचा प्रसंग मात्र पुष्कळांवर येतो. आयुष्यभराची शिल्लक, घरातील दागिने आणि उसनवारी यांतून उभी राहिलेली रक्कम एका व्यवहारात दिली जाते, आणि दुसऱ्याच दिवशी त्या बोटीतून पाच-सात माणसे खोल पाण्यात जातात. जमीन घेताना चूक झाली तर पैसा बुडतो. बोट घेताना चूक झाली तर माणसे बुडू शकतात. म्हणून जुन्या बोटीची पारख हा केवळ बाजारभावाचा प्रश्न राहत नाही.

ही पारख नेमकी कशी करावी हे ठरविण्यापूर्वी बोट कोणत्या पाण्यात चालावयाची आहे, हे निश्चित केले पाहिजे. गुजरातमधील खंभातच्या आखाताचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. हे आखात दक्षिणेस रुंद आणि उत्तरेस निमुळते असल्यामुळे आत शिरणारे भरतीचे पाणी जणू नरसाळ्यात सापडते व उंच चढते. भावनगरजवळ उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत दहा मीटरांहून अधिक अंतर पडते. ओहोटीच्या वेळीही जहाजे तरंगती राहावीत म्हणून भावनगर बंदरात पाणी अडवून धरणारे दार बांधावे लागले. तर त्याच किनाऱ्यावरील अलंग येथे १९८३ पासून मोठमोठी जहाजे मोडण्यासाठी भरतीच्या जोरावरच किनाऱ्यावर चढविली जातात.

आखाताच्या मुखाशी जाफराबाद हे बंदर आहे. तेथील मच्छीमार डोल जाळ्याने बोंबील पकडतात. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड प्रवाहाच्या दिशेने उघडे ठेवून ते पाण्यात पक्के बांधतात. प्रवाह मासळीला आपणच आत लोटतो, आणि पाणी फिरण्याच्या सुमारास ते स्थिरावले की जाळे उचलतात. महाराष्ट्रातील सातपाटी, अर्नाळा, वसई येथील कोळ्यांनाही ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. अशा मासेमारीत प्रवाह हाच पोशिंदा आणि तोच वैरी असतो. बोट त्याच्याशी जमवून घेणारी हवी.

बोटीच्या वेगाविषयी खरेदीदारांच्या मनात बहुधा एक गैरसमज असतो. इंजिन जितके मोठे तितकी बोट वेगवान, असे त्यांना वाटते. परंतु पाणी बाजूस सारीत चालणाऱ्या जड बोटीचा वेग मुख्यत्वे तिच्या लांबीवर अवलंबून असतो. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत मोजून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ ने गुणावे. येणारा आकडा हा त्या बोटीचा व्यवहार्य कमाल वेग, नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. ३६ फूट लांबीच्या बोटीस हा वेग सुमारे आठ नॉट येतो. त्यापुढे कितीही अश्वशक्ती वाढविली तरी ती लाटा उठविण्यात आणि डिझेल जाळण्यातच खर्ची पडते.

आता समजा, ही बोट सात नॉटने चालली आहे आणि समोरून पाच नॉटचा प्रवाह येत आहे. अशा वेळी ती किनाऱ्याच्या दिशेने ताशी दोनच मैल सरकेल; दहा मैलांस पाच तास लागतील. तोच प्रवाह पाठीशी असेल तर ते अंतर पन्नास मिनिटांत संपेल. भरतीनंतर ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण होते. म्हणून जाणता तांडेल प्रवाहाशी झुंजण्याऐवजी त्याची वेळ पाहतो. खरेदीदारानेही प्रचंड इंजिनाच्या मोहात पडू नये. तासन्‌तास एका लयीत चालणारे, योग्य गिअरच्या साहाय्याने मोठा पंखा सावकाश व जोमाने फिरविणारे, आणि ज्याचे सुटे भाग जवळच्या गावात मिळतात असे इंजिन निवडावे.

अशा पाण्याचा खडतरपणा केवळ प्रवाहात नसतो. ओहोटीचे पाणी आखातातून दक्षिणेकडे समुद्रात धावत असते आणि त्याच वेळी नैर्ऋत्येचा वारा समोरून आत येत असतो. वारा आणि पाणी असे परस्परांवर आदळले की लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. त्यांतून जाण्यासाठी बोटीची नाळ उंच हवी, काठ पाण्यापासून पुरेसा वर हवा, आणि डेकवर आलेले पाणी तत्काळ बाहेर जाण्यासाठी कठड्यात मोकळी भोके हवीत. पुष्कळ जुन्या बोटींत ही भोके मासळी वाहून जाऊ नये म्हणून बुजविलेली आढळतात. ती उघडी करणे सोपे आहे. परंतु ज्या मालकाने ती बुजविली त्याने आणखी काय काय केले असेल, याचा विचार तेथूनच सुरू करावा.

विशेषतः बोट बांधल्यानंतर तिच्यावर चढविलेले वजन पाहावे. उंच केबिन, छपरावरील पाण्याची टाकी, जाळे ओढण्याचे यंत्र, यांनी बोट डोक्याकडून जड होते. याची एक सोपी परीक्षा आहे. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, दोनचार माणसांनी एका काठावर ताल धरून बोट डोलवावी आणि एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजावा. दहा हेलकाव्यांचा एकूण वेळ घेऊन त्यास दहाने भागावे. येणारे सेकंद बोटीच्या मीटरांतील रुंदीहून अधिक असतील तर ती बोट संशयास्पद समजावी. चार मीटर रुंदीच्या बोटीचे दहा हेलकावे चाळीस सेकंदांच्या आत झाले पाहिजेत. संथ, आळसावलेला हेलकावा खलाशांना सुखावह वाटतो. पण बोट पुन्हा सरळ होण्यास नाखूष आहे, असाच त्याचा अर्थ असतो.

यानंतर प्रश्न लाकडाचा. ओहोटीत पाणी इतके दूर जाते की खाड्यांतील बोटी दिवसातून दोनदा चिखलावर टेकतात. प्रत्येक टेकण्याबरोबर साऱ्या बोटीचा भार तिच्या कण्यावर, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील कारागीर ज्यास पठाण म्हणतात त्यावर, येतो. पठाण व त्यालगतची पहिली फळी यांच्यातील सांधा, पठाणाचे बोल्ट, पंख्याखालचा आधार आणि सुकाणूचे खालचे टोक ही स्थाने प्रथम तपासावीत. बोट बाजूने पाहिली असता पठाण मध्ये फुगलेला किंवा दोन्ही टोकांस खाली झुकलेला दिसला, तर बोटीची कंबर मोडली आहे असे समजून व्यवहार तेथेच थांबवावा.

लाकडाचे शत्रू दोन. पहिला टेरेडो. यास लोक कीड म्हणतात, परंतु तो शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी आहे. अतिसूक्ष्म अवस्थेत तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो व आतल्या आत वाढत जातो. बाहेरून अखंड दिसणारी फळी आतून पोकळ झालेली असते. दुसरा शत्रू कुजणे. ते खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने अधिक होते. म्हणून केबिनचे कोपरे, डेकचे सांधे आणि बरगड्यांची वरची टोके पाहावीत. लहान हातोडीने फळी ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. संशयाच्या जागी टोकदार आर दाबून पाहावी. गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत झाले असेल तर नवा खिळाही तेथे धरणार नाही. नुकताच दिलेला रंग, किंवा जुन्या लाकडावर चढविलेला फायबर ग्लासचा थर, हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये. त्याखाली ओल कोंडली गेली असेल तर लाकूड अधिकच वेगाने नासते. कोची येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने लाकडाच्या संरक्षणावर दीर्घकाळ काम केले आहे. परंतु संरक्षण हे निरोगी लाकडाचे होते, मेलेल्या लाकडाचे नव्हे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ उना व दीवच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि जाफराबाद, नवाबंदर आदी बंदरांतील पुष्कळ बोटी मोडल्या. त्यांपैकी काही दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात गेल्या. दुरुस्ती वाईट असते असे नाही. ती लपविली जाणे वाईट. एका बाजूच्या बरगड्या नव्या आणि दुसऱ्या बाजूच्या जुन्या दिसल्या, तर त्यांची कथा विक्रेत्याकडून ऐकून घ्यावी व शेजारच्या सुताराकडून पडताळून पाहावी.

इंजिन नेहमी थंड स्थितीत सुरू करण्यास सांगावे. खरेदीदार येण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी न कळविता जावे. सुरुवातीचा पांढरा धूर क्षणभर चालतो; तो टिकून राहिला तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी यांची शंका येते. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर अतिभार किंवा अपुरे ज्वलन दर्शवितो. ऑइल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. नंतर बोट बाहेर काढून पूर्ण भारावर निदान दोन तास चालवावी, आणि गरम झालेल्या इंजिनाचा ऑइलचा दाब पाहावा. या आखाताचे पाणी गाळाने गढूळ असते. तो गाळ पाण्याचा पंप, पंख्याच्या दांड्याचे बुश आणि थंडाव्याच्या नळ्या झिजवितो; म्हणून ही स्थाने उघडून पाहणे आवश्यक आहे.

सर्वांत उपेक्षित राहते ती डिझेलची टाकी. शांत बंदरात टाकीच्या तळाचा गाळ तळाशीच राहतो व इंजिन निर्वेध चालते. खवळलेल्या पाण्यात मात्र तो ढवळून निघतो, गाळणी तुंबते आणि ज्या क्षणी इंजिनाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ते बंद पडते. बंद पडलेली बोट लाटांना आडवी होते. टाकीच्या तळातून एक बाटलीभर डिझेल काढून ते उजेडात पाहण्यास काही मिनिटे लागतात. ही मिनिटे वाचविणे कोणासही परवडणारे नाही.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात काही काळ यांत्रिक मासेमारीस बंदी असते व बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळ तपासण्यास हाच उत्तम काळ. पण इंजिनाची खरी परीक्षा पाण्यातच होते. म्हणून इसारा देताना दोन्ही तपासण्यांची अट लिहून घ्यावी. नोंदणीचे प्रमाणपत्र, त्यावरील इंजिनाचा क्रमांक, बोटीवरील बँकेचे कर्ज फिटल्याचा दाखला आणि विमा हे कागद प्रत्यक्ष पाहावेत. किंमत ठरविताना दुरुस्तीचा, जाळ्यांचा, जीवरक्षक जॅकेटांचा आणि पहिल्या हंगामातील डिझेलचा खर्च तीत मिळवावा. सर्व पैसा बोटीतच गुंतविणारा मालक पहिल्याच बिघाडाला हतबल होतो.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट. बोटीची किंमत मालक देतो, पण तिच्या दोषांचे मोल सर्व खलाशी देतात, आणि सौद्याच्या वेळी त्यांना क्वचितच विचारले जाते. तपासणीस जाताना ज्यांना त्या बोटीतून जावयाचे आहे त्यांपैकी दोघांना तरी सोबत न्यावे आणि त्यांचे म्हणणे पैशाइतकेच गंभीरपणे ऐकावे. चांगली बोट हातची जाण्याचे दुःख एका हंगामाचे असते. वाईट बोटीला वेळीच नकार देण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यालाच बोटीची खरी पारख आहे असे म्हणता येईल.