रॅमचा भाव आणि घरातला कापूस

 

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. अकरा गटांचा तीन वर्षांचा कर्जाचा हिशेब तिच्यात होता. हाताने लिहिलेल्या वह्या आणि बँकेची पासबुकं होती म्हणून निभावलं, तरी सगळं पुन्हा भरायला दीड महिना गेला. आता नवा संगणक घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "ताई, रॅम महागली. आजच घ्या, पुढच्या आठवड्यात हा भाव नाही." पैसा गटाचा. म्हणून भाव का वाढला, ते आधी समजून घेतलं.

संगणकात दोन जागा असतात. रॅम म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असताना लागतं ते तिथे मांडलेलं. वीज गेली की ओटा रिकामा. दुसरी जागा म्हणजे धान्याची कोठी, तिथलं वीज गेली तरी राहतं. कोठी दोन प्रकारची. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ती धक्क्याने बिघडू शकते. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, नुसत्या चिपा. आपल्या मोबाइलमधल्या मेमरी कार्डातही त्याच जातीची चिप असते, तिला फ्लॅश म्हणतात. एसएसडी चपळ आहे, हार्ड डिस्क स्वस्त. घरच्या संगणकातून हार्ड डिस्क जवळजवळ गेली, पण मोठ्या कंपन्यांच्या साठवणीत अजून टिकून आहे. तिथे ढीगभर माल कमी पैशात ठेवायचा असतो.

तिसराही एक प्रकार आला होता. इंटेल आणि मायक्रॉन या अमेरिकी कंपन्यांनी २०१५ साली जाहीर केला. इंटेलने त्याला ऑप्टेन नाव दिलं. ओटा आणि कोठी यांच्या मधली वस्तू. फ्लॅशपेक्षा चपळ, आणि वीज गेली तरी विसरत नाही. माल खरंच चांगला होता. पण फ्लॅशपेक्षा बराच महाग आणि रॅमपेक्षा हळू, त्यामुळे पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही. मायक्रॉनने २०२१ मध्ये अंग काढून घेतलं, इंटेलने २०२२ मध्ये धंदा गुंडाळला. आमच्या नाचणीच्या पापडांचं असंच झालं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

आता भावाचं. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. २०२३ मध्ये माल इतका झाला की भाव कोसळले, कंपन्या तोट्यात गेल्या, त्यांनी उत्पादन कमी केलं. मग एआयची लाट आली. त्या संगणकांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. कळण्याच्या भाकरींची चवड रचावी तशा चिपा एकावर एक रचलेल्या. तेवढ्याच मेमरीला साध्या रॅमपेक्षा सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं, असं मायक्रॉननेच सांगितलं आहे. नफा तिथे जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि साधी रॅम कमी पडली. २०२५ च्या शेवटी काही महिन्यांतच तिचे भाव दुपटीच्या वर गेले.

ऐकताना कापूस आठवला ना? २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवला. अंगाला खाज सुटली, पण भाव उतरतच गेला. मेमरीचा बाजारही असाच वर-खाली होतो. फरक एवढाच, की कापूस पुढच्या हंगामात वाढवता येतो, चिपचा कारखाना उभारायला काही वर्षं लागतात. म्हणून ही महागाई महिन्या-दोन महिन्यांत ओसरेल असं आम्हाला वाटत नाही. कायम राहील असंही नाही.

शेजारी गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनने २०२३ मध्ये प्रकल्प जाहीर केला. एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलर, त्यात मोठा वाटा केंद्र आणि गुजरात सरकारचा. तिथे चिपा जोडायचं आणि तपासायचं काम आहे, मूळ चिप घडवायचं नाही. म्हणून साणंद जवळ आहे तर रॅम स्वस्त होईल, ही आशा आम्ही धरलेली नाही.

मग आम्ही ठरवलं काय? दोन संगणक घ्यायचे होते, आता एकच घेऊ. आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. हिशेबाला तेवढं पुरतं. दुकानदार एक टीबीचा आग्रह करतो, पण आपल्याला सिनेमे साठवायचे नाहीत. रॅम पुढे वाढवता येईल अशी जागा आहे का, हे मात्र बिलाआधी विचारायचं, कारण काही लॅपटॉपमध्ये ती पक्की चिकटवलेली असते. दुसऱ्या, जुन्या संगणकात नुसती एसएसडी बसवू, तोही बराच चपळ होईल. आणि एसएसडीसुद्धा बंद पडते, तीही न सांगता. म्हणून दर महिन्याला एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून अध्यक्षताईंच्या घरी ठेवायची. वह्या लिहिणं सुरूच राहील, यावर दोघीजणी नाराज आहेत, त्यांचं बैठकीत ऐकू.

तुमच्या ग्रामसंघाला घ्यायचा असेल तर तीन दुकानांची दरपत्रकं आणा. त्यात रॅम किती, एसएसडी किती, हमी किती वर्षांची, हे वेगवेगळं लिहून मागा.