उद्याच्या हवामानाचे वाचन

गुढीपाडव्यास पंचांग वाचण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ती आपल्याबरोबर नेली. संवत्सराचा राजा कोण, मेघाधिपती कोण, मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक, हे ऐकावयाचे, कडुलिंबाचे पान चघळावयाचे, पाऊस किती पडेल याची मनाशी नोंद घ्यावयाची आणि कामाला लागावयाचे. त्या भविष्यात ऐकणाऱ्याने करण्याजोगे काहीच नसते.

आता उद्याच्या हवामानाची दुसऱ्या प्रकारची पुस्तके वाचकांच्या हाती येतात. ती शास्त्रज्ञांनी, अथवा शास्त्र समजून घेतलेल्या लेखकांनी, सामान्य माणसासाठी लिहिलेली असतात. परंतु वाचणाऱ्याचे मन मात्र पुष्कळदा पाडव्याचेच असते. कोणी निःश्वास सोडून पुस्तक मिटतो. कोणी हसून म्हणतो की, ज्यांना आठवड्याचा पाऊस सांगता येत नाही, ते शतकाचा काय सांगणार! दोघांचीही चूक एकच आहे. शास्त्राचे पुस्तक दोघेही पंचांगासारखे वाचतात.

असली पुस्तके आजची नव्हेत. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ साली एक किचकट हिशेब प्रसिद्ध केला. कोळसा जळून निघणारा कर्बवायू हवेत वाढत गेला, तर पृथ्वीची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होईल आणि तापमान चढेल, हे त्यातले सूत्र. दहा वर्षांनी, १९०६ साली, हाच विचार त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात सोपा करून मांडला. कर्बवायू दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ४ अंशांनी वाढेल, असा आकडा त्यांनी त्यात दिला. जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२१ साली दिलेला सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा आहे. कागद-पेन्सिलीने केलेला हिशेब सव्वाशे वर्षांनंतरही इतका जवळ यावा, ही थोडी गोष्ट नव्हे.

तथापि त्याच पुस्तकात अऱ्हेनियस यांनी असाही दिलासा दिला होता की, येणाऱ्या पिढ्यांना अधिक सौम्य हवा लाभेल आणि पिके भरघोस येतील. उत्तरेच्या हिवाळ्यात वाढलेल्या माणसाला ऊब हे वरदान वाटले, यात नवल नाही. विदर्भात वैशाख काढलेल्या लेखकाच्या हातून ते वाक्य उतरले नसते. जाणत्या वाचकाने येथून पहिला धडा घ्यावा. पुस्तकात कार्यकारणाचे विवेचन कोठे संपते आणि लेखकाची आशा अथवा भीती कोठे सुरू होते, ती रेषा ओळखावी.

आता हसणाऱ्याच्या आक्षेपाकडे वळू. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वातावरणाच्या आरंभीच्या स्थितीत अगदी अल्प फरक पडला, तरी काही दिवसांनंतरचे चित्र पार बदलून जाते. म्हणून दूरच्या तारखेचा पाऊस सांगता येत नाही. पण हवामानाची दीर्घकालीन सरासरी ही पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीवरून जाणारी उष्णता यांच्या जमाखर्चावर ठरते. वारीतला एखादा वारकरी कोणत्या झाडाखाली टेकेल, हे कोणी सांगू शकत नाही. पालखी आषाढीला पंढरपुरी पोचेल, हे कोणीही सांगतो. दोन प्रश्न वेगळे आहेत.

याच कारणाने चांगले पुस्तक एकट्या घटनेवरून निकाल देत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत कुलाब्यास शंभरही झाला नाही. अशा एका दिवसावरून सिद्धान्त उभा राहत नाही. परंतु हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र सांगते. आणि १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मोजून दाखविले. कारण आणि मोजमाप यांची अशी गाठ पडली, म्हणजे विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

शास्त्रज्ञांच्याही चुका होतात. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान त्याच मंडळाच्या २००७ सालच्या अहवालात शिरले होते. त्याला पुरेसा आधार नव्हता, हे २०१० च्या जानेवारीत मंडळाने स्वतःच मान्य केले. काहींनी तेवढ्यावरून सारे शास्त्रच लबाड ठरविले. पण तारीख चुकली म्हणून बर्फ वितळण्याचे थांबले नाही. ज्या विद्येत चूक शोधली जाते आणि जाहीर कबूल केली जाते, तिचा भरवसा त्यामुळे वाढावयास हवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरची. या पुस्तकांतील प्रत्येक भाकितामागे एक 'जर' उभा असतो. धूर लवकर आणि पुष्कळ कमी केला, तर शतकाच्या अखेरीस तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.४ अंशांनी अधिक राहील; तो बेसुमार वाढू दिला, तर सुमारे ४.४ अंशांनी, असे २०२१ चा अहवाल सांगतो. या दोन आकड्यांमधील तीन अंशांचे अंतर ग्रहांनी ठरविलेले नाही. ते माणसांच्या गिरण्यांनी, वाहनांनी, शेतांनी आणि राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी ठरावयाचे आहे.

निःश्वास सोडणारा वाचक हा 'जर' वाचावयास विसरतो आणि हसणारा तो वाचण्याचे टाळतो. पंचांगातील भविष्य ऐकून माणूस स्वस्थ बसला, तरी त्यात काही फरक पडत नाही. शास्त्राने सांगितलेले भविष्य मात्र ऐकणारा काय करतो, याची वाट पाहत असते. ते ज्याला समजले, त्याने पुस्तक खरोखर वाचले.