शुभवर्तमानाचे प्रामाण्य

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळ सेंट जेम्सचे घुमटाचे प्रार्थनामंदिर आहे. कर्नल जेम्स स्किनर याने स्वखर्चाने बांधविलेले हे मंदिर १८३६ साली पुरे झाले. येथेच १८५२ साली दिल्ली कॉलेजातील गणिताचे अध्यापक मास्तर रामचंद्र आणि त्यांचे स्नेही डॉक्टर चिमणलाल यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि सारे शहर हादरले. रामचंद्र काही पोटासाठी धर्म बदलणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांच्या गणितावरील ग्रंथाची थोरवी जाणून द मॉर्गन या प्रख्यात गणितज्ञाने पुढे १८५९ साली तो लंडनमध्ये पुन्हा छापविला. १८५७ च्या मे महिन्यात चिमणलाल मारले गेले. रामचंद्र कसेबसे निसटले. शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती आल्यावर ते परतले, तेव्हा त्यांना शिवीगाळ आणि मारहाण झाली ती इंग्रज अंमलदारांकडून. आपण ख्रिस्ती आहो असे सांगूनही उपयोग झाला नाही. त्यांना लेखी तक्रार करावी लागली.

म्हणजे बंडवाल्यांनी मानले की हा धर्म साहेबाचा, आणि साहेबानेही तेच मानले. मग ज्याने तो स्वीकारला त्याने कोणाचा शब्द स्वीकारला होता? शुभवर्तमान ईश्वराचे आहे, मनुष्याचे नव्हे, हा ख्रिस्ती लोकांचा दावा आपण पुष्कळदा ऐकतो आणि धर्मप्रचारकांचे नेहमीचे बोलणे म्हणून सोडून देतो. त्या दाव्यात काय गुंतलेले आहे, हे रामचंद्रांच्या उदाहरणावरून ध्यानी यावे.

हा दावा मूळचा संत पौलाचा. गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्थानाच्या मध्यभागातील प्रांत. तेथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण कळविलेली वार्ता मनुष्यापासून मिळालेली नाही, ख्रिस्ताने ती प्रकट केली. पुरावा म्हणून तो स्वतःचे चरित्र पुढे ठेवतो. आपण या पंथाचा छळ करीत होतो. पालट झाल्यावर लगेच यरुशलेमास गेलो नाही. तीन वर्षांनी गेलो तेव्हा पेत्रापाशी पंधरा दिवस राहिलो, इतकेच. हिशेब वकिलाच्या काटेकोरपणाचा आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे येते. आपण स्वतः किंवा स्वर्गातला दूत जरी निराळे काही सांगू लागला तरी ते मानू नका, असे तो बजावतो. आणि अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा त्याला तोंडावर दोष दिल्याचेही लिहून ठेवतो. वार्ता ईश्वराची म्हटल्याने सांगणाऱ्याचा अधिकार वाढत नाही. उलट तोही तिच्या न्यायासनापुढे उभा राहतो.

आपल्याकडील मीमांसकांना शब्दप्रामाण्याचा प्रश्न नवा नव्हता. वेदाला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्याला लागत नाहीत, ही त्यांची भूमिका. ख्रिस्ती भूमिका अगदी निराळी. येथे सांगणारी माणसे आहेत, त्यांची नावे आहेत, दोष आहेत. लूक तर प्रारंभीच म्हणतो की आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून लिहीत आहो. अशा मानवी लेखनाला ईश्वरी म्हणावे कसे?

हा प्रश्न ज्या पंडिताने पोटतिडिकीने विचारला तो मराठी होता. नीलकंठशास्त्री गोरे १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन घराण्यात जन्मले आणि काशीत वाढले. जॉन म्यूर याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून चमत्कारादी लक्षणांवरून ख्रिस्ती धर्माचे ईश्वरीपण सिद्ध करू पाहिले, तेव्हा विशीही न ओलांडलेल्या या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले. अशा गोष्टीत तर्काने शास्त्राच्या मागून चालावे, पुढे नव्हे, हे त्यातील एक मुख्य सूत्र. चार वर्षांनी, १८४८ साली, त्याच नीलकंठशास्त्र्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. शंकांनी मात्र त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. मला वाटते, हेच त्यांचे मोठेपण. वादात जिंकलेला पंडित निवांत झोपतो, त्यांना ती झोप लाभली नाही. १८८८ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याचे नावच ख्रिस्ती धर्म मनुष्याचा नव्हे, ईश्वराचा, अशा अर्थाचे आहे. पौलाचे बोल चाळीस वर्षांनी ते स्वतःच्या तोंडाने उच्चारीत होते.

पंडिता रमाबाईंच्या मनाला वळण देण्यात या गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. १८८३ साली इंग्लंडातील वॉन्टेज येथे त्यांनी दीक्षा घेतली, आणि लवकरच तेथील धर्मभगिनींशी त्यांचा खटका उडाला. इकडच्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरविले ते दुसऱ्यांचे चढविण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट कळविले. ख्रिस्ताचा शब्द शिरोधार्य; बिशपाचा तसाच आहे हे आधी दाखवा! त्या भगिनींना हा अहंकार वाटला. वस्तुतः पौलाने अंत्युखियात केले ते हेच. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात, उतारवयात, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथापाशी गेल्या. संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ते छापले गेले मुक्तीच्याच छापखान्यात. ज्या शब्दाला त्या प्रमाण मानीत होत्या तो कोणा मध्यस्थाकडून नव्हे, मुळातून घ्यावा, हा त्यांचा बाणा होता.

पुन्हा काश्मिरी दरवाजाकडे येऊ. सेंट जेम्सच्या शेजारीच सेंट स्टीफन्स कॉलेजची जुनी इमारत आहे. १९४१ साली कॉलेज तेथून हलले. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले. ते इंग्रजाकडेच जावे अशी वरिष्ठांची अपेक्षा होती, आणि चार्ल्स अँड्र्यूज हा तरुण इंग्रज अध्यापक तेथे होताही. त्याने आग्रह धरला की, सुशीलकुमार रुद्र ज्येष्ठ आहेत, प्राचार्य तेच व्हावेत. रुद्र प्राचार्य झाले, आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली शिकवीत राहिला.