मनगटावरचे प्राणवायूचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे मंडळाच्या प्रगतीविषयी बोलावे असा प्रघात आहे. ते काम चिटणीसबाईंनी अहवालात उत्तम केले आहे. मी जन्मभर परिचारिकेचे काम केले. तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखे जे आहे ते रुग्णाच्या खाटेजवळचेच. आज आपणांस एका घड्याळाची हकीकत सांगणार आहे. घड्याळ अमेरिकेतले, भांडणही अमेरिकेतले. पण आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले-सुना तिकडे आहेत आणि येताना आईसाठी, सासूबाईंसाठी असली घड्याळे घेऊन येतात. म्हणून ती ऐकून ठेवावी.

प्रथम हे माप म्हणजे काय ते पाहू. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण कोणीच विसरलेल्या नाही. तोवर 'ऑक्सिमीटर' हा शब्द आमच्यासारख्या दवाखान्यातल्या बायकांपुरताच होता. मग तो भाजीवालीच्याही तोंडी आला. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली, तेव्हा आशाताई दारोदार जाऊन ताप आणि बोटावरचा ऑक्सिजन मोजीत होत्या. त्या आकड्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या मागच्या चाळीतल्या एक आजी गवार मोडीत बसल्या होत्या. धाप नाही, घाबरेपणा नाही, तोंडाने गप्पा चालू. बोटाला चिमटा लावला तर आकडा ८६! मुलाचा विश्वास बसेना. मी दुसरे बोट लावले, तिसरे लावले, आकडा हलेना. संध्याकाळपर्यंत खाट मिळाली आणि आजी बऱ्या होऊन घरी आल्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतले तर रागावतील.

हे यंत्र चालते कसे? आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो तांबडा पदार्थ आहे, हिमोग्लोबिन, तो प्राणवायूने भरलेला असला की तांबडा प्रकाश बराचसा जाऊ देतो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अधिक शोषतो. रिकामा असला की याच्या उलट. चिमट्याच्या एका बाजूने हे दोन प्रकाश सोडायचे आणि दुसऱ्या बाजूला किती पोचले ते मोजायचे. पण बोटात रक्ताखेरीज हाड आहे, मांस आहे, कातडी आहे. ती वेगळी कशी काढायची? येथे जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांची हुशारी दिसते. ते निराळ्याच एका मोजणीच्या मागे होते आणि नाडीचे ठोके मध्ये येऊन त्यांचा आलेख बिघडवीत होते. ती अडचण दूर करता करता त्यांच्या लक्षात आले की ठोक्याबरोबर कमीजास्त होते ते फक्त धमनीतले ताजे रक्त. तेवढेच मोजले की काम झाले. हे १९७४ साली. त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीनेही अशाच युक्तीचा अर्ज केला होता. म्हणजे हक्काची शर्यत या यंत्राच्या जन्मापासूनच लागलेली आहे.

आओयागींच्या यंत्रात एक उणीव राहिली होती. रुग्ण हलला की आकडा बिघडायचा. लहान मुलांच्या कक्षात मी कितीदा हे पाहिले आहे! अपुऱ्या दिवसांचे बाळ पाय झाडते, यंत्र बोंबलते, आणि बाळ खरोखर निळे पडते आहे की नुसते रडते आहे हे नर्सने डोळ्यांनी ठरवायचे. प्राणवायू कमी पडला तर जिवाला धोका, आणि अशा बाळाला तो जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा. कॅलिफोर्नियातल्या मासिमो कंपनीने, जी १९८९ मध्ये जो कियानी यांनी काढली, हलणाऱ्या रुग्णाचेही माप नीट घेण्याची पद्धत बसवली आणि त्यावर पुष्कळ पेटंटे घेतली.

पेटंट म्हणजे काय, हे आपल्या घरात हळदीने शिकवले आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या आपल्या सी.एस.आय.आर.ने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, कारण आजीच्या बटव्यातली गोष्ट नवा शोध ठरत नाही. पण शोध खरोखर नवा असेल, तर शोधकाने तो जगापुढे मांडावा आणि मोबदल्यात साधारण वीस वर्षे त्याच्या परवानगीवाचून इतरांनी तो वापरू नये, असा हा करार आहे. त्यात गैर काही नाही. जो वर्षानुवर्षे खपतो त्याला फळ मिळाले पाहिजे.

आता भांडणाकडे येते. अॅपल कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, मनगटावर रक्तातला प्राणवायू दाखवणारे घड्याळ काढले. मनगटातून प्रकाश आरपार जात नाही, तेव्हा परत फिरून आलेला प्रकाश मोजावा लागतो. ते बोटापेक्षा कठीण. मासिमोचे म्हणणे असे की २०१३ मध्ये अॅपलने आमच्याशी बोलणी केली, मग आमची जाणकार माणसे आपल्याकडे ओढली आणि आमचीच युक्ती घड्याळात घातली. अॅपलने हे साफ नाकारले. मासिमोने जानेवारी २०२० मध्ये न्यायालयात दावा लावला होताच. २०२१ मध्ये ती वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही गेली.

या आयोगाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तीतून निघाले. आयोगाला नुकसानभरपाई देववता येत नाही. त्याच्या हातचे मुख्य शस्त्र: परदेशात बनलेला माल अमेरिकेच्या सीमेवर अडवणे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने मासिमोच्या दोन पेटंटांचा भंग झाला असे ठरवून घड्याळांना बंदी केली. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने ती फिरवण्यास साठ दिवस होते. ती फिरवली गेली नाही. नाताळच्या दिवसांत अॅपलच्या दुकानांतून ती घड्याळे उचलली गेली, वरच्या न्यायालयाने थोडे दिवस स्थगिती दिली आणि मग ती उठवली. तेव्हा अॅपलने तोड काढली: १८ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकलेल्या त्या घड्याळांतून प्राणवायूचे माप बंद करून टाकले.

बंद केले म्हणजे कसे, हे ऐका. आतला दिवा काढला नाही, प्रकाश टिपणारे भिंगही काढले नाही. पडद्यावरचे चित्रसुद्धा राहिले. त्यावर बोट ठेवले की ही सोय आता उपलब्ध नाही, अशी सूचना येई. आदल्या दिवशी घेतलेल्या घड्याळात मोजणी चालू, दुसऱ्या दिवशी घेतलेल्यात नाही. पुण्याच्या दुकानातल्या घड्याळात चालू, न्यू जर्सीच्या दुकानातल्यात बंद, कारण आयोगाची सत्ता अमेरिकेच्या वेशीपुरतीच. शरीर तेच, रक्त तेच, यंत्र तेच!

मला विचाराल तर मासिमोचा हक्क मला पटतो. मोठ्या कंपनीने मोजलेही पाहिजे आणि दामही मोजला पाहिजे. पण ज्या माणसाने दोन्ही कंपन्यांचे काही घेतले नव्हते, त्या गिऱ्हाईकाच्या मनगटावरून हा तंटा का चालावा? दाम ठरवून मोजणी चालू ठेवता आली नसती काय? दोघांनाही तडजोड नको होती, हे खरे कारण. नाहीतर ऑक्टोबर २०२४ मध्ये डेलावेअरला अॅपलने मासिमोच्या घड्याळाच्या रूपावरून उलट दावा जिंकला, तो किती डॉलरांचा? अडीचशे! कायद्यातली सर्वांत कमी रक्कम, आणि मागितलीही तेवढीच होती, कारण हवी होती ती बंदी.

पुढे १४ ऑगस्ट २०२५ रोजी माप परत आले, तेही वळसा घालून. घड्याळाने फक्त प्रकाश टिपायचा, हिशेब शेजारच्या आयफोनने करायचा आणि आकडा फोनवर पाहायचा. अमेरिकेच्या जकात खात्याने अशी रचना बंदीबाहेर आहे असे मानले. म्हणजे बेरीज कोणत्या खोलीत बसून करायची, एवढ्यावर दीड वर्ष गेले. मासिमोने लगेच जकात खात्यावरच दावा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाने या नव्या रचनेचीही चौकशी हाती घेतली. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने, २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मासिमोच्या एका निराळ्या पेटंटावरून, अॅपलने ६३ कोटी ४० लाख डॉलर द्यावेत असा कौल दिला. अॅपलने आपण अपील करणार असे सांगितले.

आता आपल्यापुरते. मुलाने अमेरिकेहून घड्याळ आणले असेल तर ते केव्हा आणि कुठे घेतले ते विचारा. अमेरिकेत त्या काळात विकलेल्या घड्याळांच्या क्रमांकाच्या शेवटी 'एलडब्ल्यू/ए' ही अक्षरे असत. तशी असली तर घड्याळ आणि फोन दोन्ही नव्या आवृत्तीचे करून घ्यावे लागतात, आणि आकडा फोनमध्ये शोधावा लागतो. सूनबाईंना सांगून हे एकदा बसवून घ्या. मुलगा 'करतो' म्हणेल आणि विमानात बसेल.

शिवाय अॅपलनेच म्हटले आहे की हे माप वैद्यकीय उपयोगासाठी नाही. दम्याच्या, फुप्फुसाच्या रोग्याने त्यावर विसंबू नये. बोटाचा चिमटाही सर्वांशी सारखा वागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की काळ्या रुग्णांत चिमटा चांगला आकडा दाखवत असताना रक्तात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या कातडीच्या आपण बायकांनी हे विसरू नये. आकडा चांगला आहे पण ओठ काळसर दिसतात, बोलताना दम लागतो, तर आकड्याशी वाद न घालता डॉक्टरांकडे जावे. आणि आकडा ९४च्या खाली दिसला तर बोटे चोळून गरम करून, पाच मिनिटे स्वस्थ बसून, पुन्हा मोजावा. तरी खालीच असला तर संध्याकाळची वाट पाहू नये.

माझा जुना ऑक्सिमीटर मी बरोबर आणला आहे, नवे सेल घालून. चहापाणी झाल्यावर मागच्या टेबलापाशी बसेन. ज्यांना मोजून पाहावयाचे, शिकून घ्यावयाचे असेल त्यांनी यावे. नखांना गडद रंग लावलेल्या भगिनींनी एक बोट तेवढे साफ करून यावे.